गहू, मासिकं आणि तबकड्या

साठी ओलांडलेल्या मराठी माणसाला 'पीएल चारशेऐंशी' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. रेशनवरचा तो लाल गहू, घशाखाली न उतरणारी मिलोची भाकरी आणि त्या धान्यातूनच बी आलं म्हणून अजूनही शिव्या खाणारं गाजर गवत एवढं सगळं त्याला एका दमात आठवतं. त्याच कायद्याच्या पैशांतून मराठी कथासंग्रह, नाटकं आणि मासिकं शिकागो, फिलाडेल्फिया आणि बर्कलीच्या ग्रंथालयांत जाऊन पोचली, हे मात्र सहसा कोणाला ठाऊक नसतं.

पीएल चारशेऐंशी हा अमेरिकेचा कायदा १९५४ सालचा. अमेरिकेत शेतमालाची कोठारं भरून वाहत होती आणि भारताकडे तो विकत घ्यायला डॉलर नव्हते. तेव्हा धान्य रुपयांत विकायचं ठरलं. हे रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच साठत गेले, कारण ते डॉलरमध्ये बदलून घरी नेण्याची सोय नव्हती. साठा इतका फुगला की १९७४ साली राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी त्यातला मोठा हिस्सा भारत सरकारला देऊन टाकला, आणि तो धनादेश १,६६४ कोटी रुपयांचा होता. त्याआधी, १९५८ साली, जॉन डिंगेल या अमेरिकी लोकप्रतिनिधीच्या पुढाकारानं कायद्यात एक छोटी दुरुस्ती झाली होती. परदेशात अडकलेल्या या पैशातून त्या त्या देशातली पुस्तकं आणि नियतकालिकं विकत घ्यावीत आणि ती अमेरिकेतल्या ग्रंथालयांना वाटावीत, असं तिच्यात म्हटलं होतं. काम लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आलं. १९६२ मध्ये भारत, पाकिस्तान आणि इजिप्तपासून सुरुवात झाली आणि नवी दिल्लीत त्यासाठी कचेरी उघडली.

ही कल्पना डिंगेलसाहेबांना एका रात्रीत सुचलेली नव्हती. तिच्यामागे ग्रंथपालांची पंधरा-सोळा वर्षांची खटपट होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, कनेक्टिकट राज्यातल्या फार्मिंग्टन या गावी एक बैठक भरली. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख तेव्हा आर्चिबाल्ड मॅकलीश हे कवी होते, आणि त्यांच्या सल्लागार मंडळींची ही बैठक होती. युद्धानं एक गोष्ट लख्ख दाखवून दिली होती. ज्या देशांत सैन्य उतरवायचं, त्यांचे नकाशे, अहवाल, वर्तमानपत्रं अमेरिकेतल्या श्रीमंत ग्रंथालयांतही मिळत नव्हती. प्रत्येक ग्रंथालय आपापल्या प्राध्यापकांच्या मागणीप्रमाणे खरेदी करी. त्यामुळे चार नामांकित ग्रंथ सगळीकडे असत आणि बाकीचे कुठेच नसत.

फार्मिंग्टनला ठरलं ते असं: संशोधनाच्या दृष्टीनं कामाच्या प्रत्येक परदेशी पुस्तकाची निदान एक प्रत देशात कुठे तरी असलीच पाहिजे. त्यासाठी विषय वाटून घ्यायचे. एका विद्यापीठानं एक विषय पत्करला की त्या विषयावर युरोपात जे निघेल ते त्यानंच घ्यायचं, इतरांनी लागेल तेव्हा त्याच्याकडून मागवायचं. १९४८ साली फ्रान्स, स्वीडन आणि स्वित्झर्लंडच्या पुस्तकांपासून ही 'फार्मिंग्टन योजना' सुरू झाली आणि सुमारे साठ ग्रंथालयं तिच्यात आली.

ऐकायला सोपी वाटणारी ही वाटणी अमलात आणायला फार अवघड. ग्रंथालयांच्या सहकार्यात खरेदीपेक्षा संयमाचा भाग मोठा असतो. आपण काय घ्यायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं आणि ते दुसऱ्या गावचा माणूस नक्की घेईल, नीट ठेवील आणि मागितलं की देईल, यावर विश्वास ठेवावा लागतो. ग्रंथपालाला हे जड जातं. वाचकानं मागितलेलं पुस्तक आपल्या कपाटात नसणं म्हणजे त्याला आपली नामुष्की वाटते. प्राध्यापकांचं वेगळंच. विषयाचा मुख्य माणूस नोकरी बदलून दुसऱ्या विद्यापीठात जातो आणि तो विषय जुन्या ग्रंथालयाच्या गळ्यात तसाच राहतो. फार्मिंग्टन योजना १९७२ मध्ये गुंडाळली गेली. पण तिचं बी इतरत्र रुजलं होतं. जर्मनीत १९४९ पासून अशीच विषयवाटणी सुरू झाली. संगीतशास्त्र म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाकडे होतं. दक्षिण आशिया आधी ट्युबिंगेनकडे होता, तो पुढे हायडेलबर्गला गेला. स्कँडिनेव्हियातल्या देशांनी १९५७ मध्ये आपापसात तसाच करार केला.

भारतातली पुस्तकं मात्र अशा वाटणीनं मिळण्यासारखी नव्हती. पॅरिसच्या विक्रेत्याला पत्र टाकलं की पेटारा येतो. सदाशिव पेठेतला प्रकाशक, कोल्हापूरचं मासिक, नागपूरच्या एखाद्या मंडळाचा वार्षिक अंक यांच्यापर्यंत मिशिगनहून पोचणार कोण? गव्हानं हा प्रश्न दोनदा सोडवला. पहिल्यांदा १९५१ मध्ये, जेव्हा भारताला १९ कोटी डॉलरचं गहू-कर्ज मिळालं. त्याच्या व्याजातला काही भाग शैक्षणिक देवघेवीसाठी राखून ठेवला होता. त्यातून भारतीय विद्यापीठांना परदेशी पुस्तकं आणि प्रयोगशाळेची साधनं मिळाली आणि भारतीय प्रकाशनं अमेरिकेला गेली. दुसऱ्यांदा पीएल ४८०.

दिल्ली कचेरीचं काम कसं चालतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक भाषेसाठी ती भाषा जाणणारी माणसं. प्रांतोप्रांती ठरवलेले पुस्तकविक्रेते नवी पुस्तकं पाठवतात आणि कचेरीतली माणसं त्यांतून निवड करतात. सहभागी ग्रंथालयांनी आपली आवड आधीच कळवलेली असते. एकाला मराठी साहित्य हवं पण कायद्याची पुस्तकं नकोत, दुसऱ्याला इतिहास आणि समाजशास्त्र हवं, तिसऱ्याला भाषा कोणतीही चालेल पण फक्त धर्म आणि तत्त्वज्ञान. त्यानुसार एका पुस्तकाच्या किती प्रती घ्यायच्या ते ठरतं. मग दिल्लीतच त्याची सूचीनोंद होते. शीर्षक रोमन लिपीत ठरलेल्या पद्धतीनं उतरवायचं, 'ळ'साठी 'एल'खाली टिंब द्यायचं, लेखकाचं नाव एकच एक रूपात नक्की करायचं, म्हणजे एकाच माणसाची तीन माणसं होत नाहीत. ही नोंद एकदा झाली की सगळ्या ग्रंथालयांना ती आयती मिळते. पुस्तकं वाटून घेण्यापेक्षाही नोंद वाटून घेण्यात जास्त पैसा वाचला, असं माझं मत आहे. मराठी वाचता येणारा सूचीकार प्रत्येक विद्यापीठानं नेमायचा म्हटलं असतं, तर पुस्तकं वर्षानुवर्षं खोक्यांतच राहिली असती. १९७१ पासून ओहायोतल्या ग्रंथालयांनी संगणकावर अशा नोंदी एकत्र ठेवायला सुरुवात केली. आज 'वर्ल्डकॅट' या नावानं ओळखली जाणारी जगभरची सूची तिथूनच वाढली.

पुस्तक एकदा आलं की काम संपतं. मासिकाचं तसं नाही. ते जन्मभराचं दुखणं. नियतकालिकांच्या विभागात प्रत्येक मासिकाचं एक कार्ड असतं आणि त्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन. अंक आला की खूण. मराठी मासिकांनी या चौकोनांची जी दैना केली असेल, ती कल्पनेनंच दिसते. एप्रिल-मेचा जोडअंक निघतो, तेव्हा एका अंकासाठी दोन चौकोन भरायचे. ऑगस्टचा अंक निघत नाही, कारण संपादक दिवाळी अंकाच्या गडबडीत असतात. दिवाळी अंकाला कधी अंक क्रमांक असतो, कधी नसतो, आणि असलाच तर तो मागच्या अंकाशी जुळत नाही. मध्येच आकार बदलतो, मासिकाचं त्रैमासिक होतं, संपादकाच्या घराबरोबर मासिकाचाही पत्ता बदलतो. एखादा अंक टपालात गहाळ झाला की स्मरणपत्र पाठवायचं, आणि तेही लवकर, कारण सहा महिन्यांनी विचारलं तर संपादकाकडेही प्रत उरलेली नसते. हे सगळं वीस ग्रंथालयांनी वीस वेळा करण्याऐवजी दिल्लीतल्या एका टेबलावर होऊ लागलं. सहकार्य म्हणजे व्यवहारात असं असतं: कोणी तरी एकानं सगळ्यांच्या वतीनं चौकोन भरत बसणं.

वर्तमानपत्रांचा कागद तर काही वर्षांतच तपकिरी होऊन चुरा होतो. म्हणून १९६७ मध्ये दक्षिण आशियाच्या सूक्ष्मपटांसाठी एक सामायिक प्रकल्प सुरू झाला. त्याचं बिऱ्हाड शिकागोत, 'सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज' या संस्थेत. ही संस्थाच मुळी १९४९ मध्ये मिडवेस्टमधल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन काढली होती. क्वचित लागणारी नियतकालिकं प्रत्येकानं सांभाळण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एक कोठी, असा तिचा हिशेब. याच संस्थेच्या आणि शिकागो विद्यापीठाच्या भागीदारीतून पुढे 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी' उभी राहिली. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आपण आज फोनवर चाळतो तो तिच्याच कृपेनं.

रुपयांचा साठा आटला तशी फुकट पुस्तकांची चैन संपली. १९८० च्या दशकात योजनेचं रूप बदललं. आता प्रत्येक ग्रंथालय आपल्या प्रतींचे पैसे स्वतः भरतं आणि दिल्ली कचेरी खरेदी, नोंदणी, बांधणी आणि पाठवणी करते. पुस्तकांबरोबर ध्वनिमुद्रणंही घेतली जातात. इतकंच नाही, २००० साली या कचेरीनं दक्षिण आशियातल्या लेखकांचं वाचन त्यांच्याच आवाजात मुद्रित करायला घेतलं आणि त्यात मराठी लेखकही आहेत.

'आमचा ठेवा साहेबानं पळवला' असा सूर अशा वेळी आपल्याकडे लागतो. तो मला पटत नाही. ही काही शिलालेखांची चोरी नव्हती. छापील किंमत मोजून दुकानातून घेतलेली पुस्तकं होती आणि तीच पुस्तकं त्याच दुकानात आपल्यालाही मिळत होती. शिवाय आपल्याकडे १९५४ सालीच, म्हणजे पीएल ४८० च्याच वर्षी, ग्रंथ-प्रदान कायदा झाला. प्रत्येक प्रकाशकानं नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची ग्रंथालयं यांना मोफत पाठवायची. दोन वर्षांनी वर्तमानपत्रंही त्यात आली. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. पन्नास रुपयांत हल्ली पुस्तकाचं टपालही धडपणे होत नाही. कायदा न पाळणंच स्वस्त पडावं, अशी ही तरतूद.

आता उलट दिशेनं पाहू. परदेशी नियतकालिकं भारतात कशी आली?

काही देवघेवीनं आली. पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आपलं 'अ‍ॅनल्स' परदेशी संस्थांना पाठवी आणि बदल्यात त्यांची नियतकालिकं घेई. यात परकीय चलनाचा प्रश्नच येत नाही, कारण पत्रिकेच्या बदल्यात पत्रिका. ज्ञानाच्या बाजारातला हा वस्तुविनिमय जगभर चालत आला आहे. युनेस्कोनं १९४८ मध्ये कूपनं काढली. आपल्या चलनात कूपन विकत घ्यायचं, परदेशी विक्रेत्याला पाठवायचं आणि त्यानं ते युनेस्कोकडून वटवून घ्यायचं. डॉलरच्या दुष्काळातल्या देशांना त्याचा मोठा आधार झाला. १९५२ मध्ये युनेस्कोच्याच मदतीनं दिल्लीत 'इन्सडॉक' ही संस्था निघाली. हव्या त्या शोधनिबंधाची छायाप्रत मिळवून देणं हे तिचं काम. देशातल्या कोणत्या ग्रंथालयात कोणतं वैज्ञानिक नियतकालिक कोणत्या सालापासून आहे, याची संघसूचीही तिनंच केली. संघसूची म्हणजे सहकार्याचा कणा. शेजारच्या ग्रंथालयात काय आहे ते माहीतच नसेल, तर मागणार काय? अशा सूचीत नोंद असते ती साधारण अशी: खंड ५ ते १२, खंड ९ मधला अंक ३ नाही. नेमका तोच अंक संशोधकाला हवा असतो, हा सृष्टीचा नियम.

मग अशा अंकासाठी इंग्लंडकडे धाव. डोनाल्ड अर्कहार्ट या ग्रंथपालानं १९६२ मध्ये यॉर्कशायरमधल्या बॉस्टन स्पाजवळ, दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याच्या आवारात, विज्ञानासाठी एक विलक्षण ग्रंथालय उघडलं. तिथे वाचकानं यायचंच नाही. जगातलं प्रत्येक दखलपात्र वैज्ञानिक नियतकालिक, रशियन असो की जपानी, तिथे घ्यायचं आणि मागणी येईल तशी पोस्टानं प्रत धाडायची. नंतर ते ब्रिटिश लायब्ररीत सामील झालं. भारतातली ग्रंथालयंही पैसे भरून तिथून छायाप्रती मागवत.

आपल्या ग्रंथपालांचा मात्र एक खास भारतीय छळ होता. परदेशी नियतकालिकाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, पैसे आगाऊ. सरकारी अनुदानाचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि पैसे प्रत्यक्ष हातात पडायचे मार्च अखेरीला. मधल्या काळात रुपया घसरला की मंजूर रक्कम अपुरी. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, तेव्हा यादीवर काट मारण्याशिवाय इलाज उरला नाही. त्यात प्रकाशकही दर वर्षी वर्गणी चढवत होते. मेंदूसंशोधनाच्या एका प्रसिद्ध नियतकालिकाची वार्षिक वर्गणी २००० च्या दशकात वीस हजार डॉलरच्या वर गेली होती. नियतकालिकाला पर्याय नसतो, कारण त्यातला लेख दुसरीकडे छापलेला नसतो. प्रकाशकाला हे पुरतं ठाऊक असतं.

यावर पहिली शहाणी चाल खगोलशास्त्रवाल्यांनी केली. १९८१ मध्ये बंगळुरू, मुंबई, अहमदाबाद अशा ठिकाणच्या खगोलशास्त्र संस्थांच्या ग्रंथपालांनी 'फोरसा' नावाचा मंच काढला. पुण्याच्या आयुका आणि एनसीआरए या संस्थाही पुढे त्यात आल्या. कोणाकडे काय आहे याच्या याद्या, जादा अंकांची अदलाबदल, मागेल त्याला छायाप्रत, अशी साधी सुरुवात. नियतकालिकं संगणकावर आल्यावर याच ग्रंथपालांनी एकत्रितपणे प्रकाशकांशी भाव ठरवायला सुरुवात केली. संस्था मोजक्या, माणसं एकमेकांना नावानं ओळखणारी आणि विषय एकच, म्हणून ते जमलं. सहकार्याला छोटा गट मानवतो, असं मला यावरून वाटतं.

मोठ्या प्रमाणावरचं काम 'इन्फ्लिबनेट'नं हाती घेतलं. ही संस्था आज गांधीनगरला आहे, पण १९९१ मध्ये ती पुण्याच्या आयुकामधला एक प्रकल्प म्हणून सुरू झाली होती. तिच्यामार्फत २००४ पासून विद्यापीठांना ई-नियतकालिकं मिळू लागली. त्याच सुमारास आयआयटी, अणुऊर्जा खातं आणि सीएसआयआर यांनीही आपापले संघ केले. २०१५ मध्ये त्यातले काही 'ई-शोधसिंधू' या छत्राखाली आले. ग्रंथपाल याला 'कन्सॉर्शियम' म्हणतात. आपल्या भाषेत ही भिशीच, फक्त हिच्यात नंबर लागत नाही, सगळ्यांना एकदमच मिळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं आणि ६,३०० हून अधिक संस्था.

आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिल्या टप्प्यात फक्त केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्था घेतल्या आहेत. महाराष्ट्रात महाविद्यालयं काढली ती प्रामुख्यानं खासगी शिक्षणसंस्थांनी. तालुक्याच्या गावी शिकवणारा प्राध्यापक त्यामुळे या छत्राबाहेर राहतो, आणि नगरवाचनालयाच्या वाचकाचा तर उल्लेखही नाही. दुसरी गोष्ट जास्त मुळातली. छापील अंक विकत घेतला की तो आपला. वर्गणी बंद केली तरी जुने खंड कपाटात राहतात, शेजाऱ्याला देता येतात. ई-नियतकालिकात ग्रंथालय फक्त वाचायची परवानगी घेतं. करारात जुन्या अंकांचं कलम नसेल, तर पैसे थांबल्या दिवशी मागची वर्षंही बंद होऊ शकतात. दुसऱ्या ग्रंथालयाला प्रत द्यायची की नाही, हेही करारच ठरवतो. सहकार्याचा जो मूळ पाया, तुझ्याकडचं मला आणि माझ्याकडचं तुला, तोच इथे प्रकाशकाच्या सहीवर अवलंबून आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठानं २०१९ मध्ये एल्सेव्हिअरशी करार थांबवला आणि २०२१ मध्ये आपल्या मनासारख्या अटींवर नवा केला. दोन वर्षं कळ काढायची तयारी असल्याशिवाय असा सौदा होत नाही.

संगीताकडे वळलं की ही सगळी यंत्रणा अडखळते. पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीत पोस्टानं जातं. लाखेची तबकडी कोण पाठवील? ती वाटेत फुटते, ती वाजवायला ठरावीक सुई नि यंत्र लागतं, आणि प्रत करून द्यायची तर हक्काचा प्रश्न. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो, शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा. शिवाय तबकड्या ग्रंथालयांनी घेतल्याच नव्हत्या. त्या दिवाणखान्यांतून, रेडिओ केंद्रांतून आणि शौकिनांच्या कपाटांतून राहिल्या. १९५४ च्या आपल्या ग्रंथ-प्रदान कायद्यात 'पुस्तक' या व्याख्येत छापील संगीतलेखन येतं, गायलेलं संगीत येत नाही. म्हणजे स्वरलिपीचा कागद राष्ट्रीय ग्रंथालयात पोचवणं सक्तीचं, आणि ती बंदिश ज्यानं गायली त्याच्या तबकडीची कोणी विचारपूसही केलेली नाही.

अमेरिकेतल्या पाच मोठ्या संग्रहांनी, लायब्ररी ऑफ काँग्रेस, न्यूयॉर्कचं सार्वजनिक ग्रंथालय, स्टॅनफर्ड, येल आणि सिराक्यूज, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक अचाट काम केलं. आपल्याकडच्या एलपीपूर्व तबकड्यांच्या गोल चिठ्ठ्यांची एकामागून एक छायाचित्रं घेतली आणि त्यावरून सामायिक सूची बनवली. सहा लाखांवर नोंदी झाल्या. देणगीदारांच्या नावानं ती 'रिगलर-डॉइच' सूची म्हणून ओळखली जाते. कोणाकडे काय आहे ते कळलं, तेव्हा कुठे पुढचा विचार सुरू होऊ शकला.

आपल्या संगीताची गंमत अशी की त्याच्या बाबतीत 'परदेशी' कशाला म्हणायचं हाच घोळ आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यात गाणी मुद्रित करून गेला. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या गेल्या आणि मग इथे विकायला आल्या. कोलकात्याचा कारखाना १९०८ चा. नंतर परदेशी संशोधक ध्वनिमुद्रक घेऊन गावोगाव फिरले. डच अभ्यासक आर्नल्ड बाके यानं १९३० च्या दशकात भारतभर लोकगीतं टिपली आणि ती सगळी युरोपात गेली. ज्यांच्या आजोबांचा आवाज त्यात होता, त्यांच्या कानावर तो कधी पडलाच नाही. हे उलटं फिरवण्यासाठी 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज'नं १९८२ मध्ये एक ध्वनिसंग्रहालय काढलं, आणि तेही आधी पुण्यात. नंतर ते दिल्लीच्या बाजूला गेलं. परदेशी संग्रहांतल्या भारतीय मुद्रणांच्या प्रती इथे आणायच्या आणि नव्यानं येणाऱ्या संशोधकांनी आपल्या फितींची एक प्रत इथे ठेवून जायची, अशी ती रीत. बाकेची मुद्रणंही या मार्गानं परतली. १९८४ मध्ये नझीर जैराजभॉय ती घेऊन दक्षिणेतल्या त्याच गावांमधून पुन्हा हिंडले.

मुंबईत १९९० मध्ये शौकिनांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन केली. तिच्या कामाचा कणा म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुरेश चांदवणकर. मुंबईत १९३५ ते १९५५ या काळात 'यंग इंडिया' या नावाच्या देशी तबकड्या निघत. त्या काढणारी कंपनी बुडाली आणि तबकड्या विखुरल्या. संग्राहकांकडच्या अशा तबकड्या जमवून त्यांच्या डिजिटल प्रती करण्याचं काम ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड अर्काइव्ह्ज' या योजनेच्या मदतीनं झालं. या योजनेचा नियम मला फार आवडतो: मूळ वस्तू देशाबाहेर हलवायची नाही, लंडनला जाईल ती फक्त प्रत. फार्मिंग्टनच्या काळात 'एक प्रत आमच्याकडे असलीच पाहिजे' ही भाषा होती. ती इथे पार बदललेली दिसते.

नव्या संगीताची अवस्था जुन्यापेक्षा बिकट आहे. आज गाणं निघतं ते थेट फोनवर. त्याची सीडी निघत नाही आणि ते ऐकवणाऱ्या कंपनीची अट असते की वापर व्यक्तिगत. ग्रंथालय ही व्यक्ती नाही, म्हणून त्याला ते रीतसर विकत घेताच येत नाही. १९४० ची तबकडी शोधून सापडेल. २०२० चं गाणं कंपनीनं काढून टाकलं तर ते कोणत्याच कपाटात नसेल.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. मासिक चालवत असाल, अगदी शंभर प्रतींचं असलं तरी, प्रत्येक अंकावर वर्ष, अंक क्रमांक आणि महिना स्पष्ट छापा, जोडअंक असेल तर तसं लिहा आणि कायद्यानं द्यायच्या प्रती पाठवा. आणि माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्यांची यादी करा. कंपनीचं नाव, चिठ्ठीवरचा क्रमांक, गायकाचं नाव, आणि चिठ्ठीभोवतीच्या मोकळ्या कडेत कोरलेला बारीक आकडा. तबकडी उजेडात तिरकी धरल्याशिवाय तो दिसत नाही, पण ती नक्की कोणती आणि त्या गाण्याचं कितवं मुद्रण, हे बऱ्याचदा त्यावरूनच ठरतं. ती यादी एखाद्या संग्राहकाला किंवा ध्वनिसंग्रहालयाला पाठवा. तबकड्या घरीच राहू द्यात हवं तर.